तळ्यावरचा धक्का

वेंगुर्ल्याहून मासे गरवायला बुलढाणा जिल्ह्यात गेलेला माणूस माझ्याआधी कुणी झाला नसावा. बंदरावर मी हे सांगितलं तेव्हा लोकांना वाटलं, मास्तरांची शिमग्यातली भांग अजून उतरलेली नाही. "थंय समुद्र खय आसा?" असं एकाने विचारलंसुद्धा. समुद्र नव्हता, हे मलाही ठाऊक होतं. पण तिथे एक धक्का होता, आणि तो धक्का बांधणारा माझा मित्र आजारी होता.

जनार्दन, म्हणजे आमचा जनू, माझ्याबरोबर वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर वाढला. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात, आणि गरी टाकून मासे धरणं म्हणजे गरवणं. रात्रीचं जेवण झालं की आम्ही दोघं धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसत असू. मासे मिळाले तर मिळाले. खरा कार्यक्रम भांडणाचा. आज गरीला काय लावायचं यावर आमचं कधी म्हणजे कधी एकमत झालं नाही. मी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे खोटे मासे कोरायचो, रंगवायचो. शाळेत चित्रकला शिकवायला लागलो ते पुढे, हात वळला तो या माशांवर. माझं म्हणणं, अंधाऱ्या रात्री पांढरा मासा लावावा, दिसायला नको का? जनूचं म्हणणं, अंधारात काळा लावावा. मासा खालून वर बघतो, आभाळ कितीही काळं असलं तरी पाण्यापेक्षा उजळ असतं, त्यावर काळाच उठून दिसतो. बरोबर कोण हे समुद्राने आम्हाला कधी सांगितलं नाही.

पुढे जनू पाटबंधाऱ्याच्या कामावर मिस्त्री म्हणून लागला आणि वऱ्हाडात तलाव बांधायला गेला. तलाव झाला, मिस्त्री परत आला नाही. तिथेच एका मळेवाल्याचा जावई होऊन राहिला. ही बातमी आमच्या आळीला वर्षभर पुरली. आता महाराष्ट्र होऊन चारपाच वर्षं झाली होती, नकाशात तो आणि मी एकाच राज्यात आलो होतो, पण भेट काही झाली नव्हती. आणि यंदा होळीच्या सुमारास त्याचं कार्ड आलं. घशात गाठ आहे, मुंबईला नेऊन उपयोग नाही म्हणतात, एवढं आधी. मग खाली: "तू ये. येताना पेटी आण. धक्का तयार आहे."

पेटी म्हणजे माझ्या खोट्या माशांची. मी तिला तेल लावलं, कडी नीट केली आणि निघालो.

बीबी

जालन्याला गाडी सोडून मेहकरच्या एस.टी.त बसलो. त्याआधीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की घाट चढून गेल्यावर हवेतला ओलावा कुठेतरी गळून पडला आणि माझे ओठ फुटले. काळी जमीन. ज्वारी कापून नेलेली, नुसती धसकटं उभी. मधेच एखादा पळस पानं टाकून लालभडक फुललेला. आमच्याकडे नजर चार पावलांवर माडाला नाहीतर डोंगराला अडते. इथे ती अडेचना. आपण फार उघड्यावर आलो आहोत असं मला सारखं वाटत राहिलं.

बीबीला गाडी थांबली. चहा घ्यायला उतरलो आणि पेटी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसलो. तिची कडी मी नीट केली होती म्हणालो ना, ती तिथेच सुटली. रंगीत मासे धुळीत सांडले. शेजारी धोतराचा सोगा सावरून बसलेले एक आजोबा वाकून बघायला लागले.

"पोरायचे खेयणे इकता काय?"

"नाही हो. मासे धरायचे आहेत."

"यायनं?" त्यांनी पांढरा मासा उचलला, हलवून पाहिला. "खोट्या मासोईनं खरी मासोई येते?"

"येते कधी कधी."

"मंग ते बी माणसाइतकीच येडी हाय म्हना," असं म्हणून त्यांनी मासा पुसून माझ्या हातात दिला. चहा इतका गोड होता की चमचा त्यात उभा राहिला असता. आजोबांनी माझ्यासाठी आणखी एक मागवला आणि नको म्हणायची सोयच ठेवली नाही. पाहुणा 'नको' म्हणतो तेव्हा त्याला 'हो' म्हणायचं असतं, असा त्या भागात सर्वांचा पक्का समज आहे. पुढचे सगळे दिवस मी त्या समजुतीखाली दबून जेवलो.

जनूचं घर

मेहकरला गाडी बदलून डोणगावला उतरलो, तिथे जनूचा मेहुणा नामदेव बैलबंडी घेऊन आला होता. तो वांगी, मेथी, कांदा पिकवतो. बोलायला मोकळा, पण जनूबद्दल विचारलं की बैलांशी बोलायला लागे. शेवटी घर दिसायला लागल्यावर म्हणाला, "तुमी हासतच जा बरं, पाव्हणे. दाजी तुमचं तोंड पाहून समजून घेतीन."

मी हसतच गेलो. दारात कौसल्यावहिनी उभ्या होत्या. काळ्यासावळ्या, उंच, गळ्यात तुळशीची माळ.

"या भाऊजी. कालपासून दाराकडंच पाहून राह्यले हे."

खाटेवर जनू होता. मी त्याला ओळखलं ते त्याच्या कानांवरून. बाकीचं सगळं आटलं होतं. त्याने हात वर केला, घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाला, "इलंस? पेटी हाडलंस?" आणि माझं हसणं तिथेच संपलं. मी पेटी उघडण्याच्या निमित्ताने खाली वाकलो आणि डोळे पुसले.

जेवायला ज्वारीची भाकरी, भरली वांगी, मिरचीचा ठेचा आणि वर मोठा पेला भरून दूध. आमच्याकडे मासळीशिवाय पान वाढलं तर तो उपास. इथे मासळीचं नाव काढणं हीच पंचाईत. वहिनींचे वडील माळकरी होते, तीच माळ त्यांनी लेकीच्या गळ्यात घातली होती. आमिषासाठी आणलेले सोडे, म्हणजे सुकवलेली सोललेली कोळंबी, मी गुपचूप बाहेरच्या कडुनिंबाला टांगून आलो. लग्न झाल्यापासून जनूने मासा तोंडात घातला नव्हता. कुणी सांगितलं म्हणून नाही. "तिच्या चुलीला कशाला वास लावायचा," एवढंच तो मागे एकदा मला लिहून मोकळा झाला होता.

जेवणानंतर वहिनींनी त्याच्यासाठी वाटी आणली. शिंगाड्याच्या पिठाची लापशी. आमच्याकडे उपासाला करतात तसलीच, जरा पातळ, वर तूप. त्या चमच्याने भरवत होत्या, तो डोळे मिटून एकेक घोट खाली ढकलत होता. ते बघवत नव्हतं.

"यायनं तोंडानं मांगलं म्हणून करते," वहिनी मला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "काईच नको म्हणत होते. एक दिवस म्हणले, शिंगाडा खावा वाटते. मंग म्या नामदेवाले बजारात पाठवलं, पीठ आणलं. तवापासून रोज करते. दुसरं काई घशाखाली उतरत नाही, पण हे खातात."

त्या वाटी धुवायला मागे गेल्या तसा जनूने मला बोटाने जवळ बोलावलं. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"माका शिंगाळो होयो होतो रे," तो म्हणाला. "मी शिंगाळो म्हटलंय. तिणां शिंगाडो आयकल्यान."

ज्यांनी आमचा समुद्र पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिंगाळा हा मिशावाला, बिनखवल्याचा मासा. काट्याने डंख मारतो, म्हणून बऱ्याच जणांना नको असतो. बाजारात त्याला मान नाही. पण आम्ही लहानपणी गरवून आणलेला पहिला मासा तोच, आणि जनूची आई त्याचं कोकमाची सोलं घालून तिखट कालवण करायची. आणि ज्यांनी वऱ्हाड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हेही सांगतो, की तिकडच्या बोलण्यात 'ळ' टिकत नाही. डोळ्याचा डोया होतो, केळीची केई होते. जनूचा घसा बसलेला. त्या फाटक्या आवाजातला अनोळखी 'ळ' तिच्या कानांनी ओळखीच्या शब्दाकडे वळवला, यात तिचं काय चुकलं?

"मग सांगलंस कित्याक नाय?" मी विचारलं.

"गळ्यात माळ आसा तिच्या. कळला तर काढून ठेवीत आणि माझ्यासाठी मासो रांधीत." त्याने दम घेतला. "महिनोभर ढवळता ती. सांगू नको तिका. तू गरव. बाहेरच भाजू, मी नुसतो चाखीन. एकदाच."

मी वचन दिलं. तलावात शिंगाळा असतो का, हे विचारायचंही मला सुचलं नाही. जनू आपणच म्हणाला, असतो. पैनगंगेत असतो, तिथून ओढ्याने चढून आलेला त्याने बांधकामाच्या वेळी डोळ्यांनी पाहिला होता.

धक्का

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नामदेवने बंडीत कडब्यावर गोधडी घातली आणि जनूला उचलून ठेवलं. वहिनींनी फार विरोध केला नाही. "त्यायले जायचं हाय ना, जाऊ द्या," एवढं म्हणून दोन गोधड्या आणखी टाकल्या.

तलाव सुंदर आहे. आमच्या समुद्रासमोर तो खांद्यावरच्या पंच्याएवढा, पण त्या कोरड्या मुलखात संध्याकाळी पाण्याचा तो तुकडा बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. बांधाच्या मधोमध, पाणी सोडायच्या मोरीपाशी, दगडी ओटा पाण्यात पुढे गेला आहे. हा जनूने बांधला. कामावर असताना तो त्याला धक्का म्हणायचा, म्हणून सगळे गडी धक्का म्हणायला लागले, आणि आता गाव म्हणतं. मात्र का म्हणतात ते कुणाला ठाऊक नाही. नामदेवने मला छातीठोकपणे सांगितलं की बांधकामाच्या वेळी तिथून कुणाला तरी धक्का लागून तो पाण्यात पडला होता, म्हणून ते नाव. गोधडीत जनूचे खांदे हलायला लागले. घाबरून बघितलं तर तो हसत होता.

अंधारी रात्र होती, होळी होऊन गेल्यामुळे चंद्र उशिराचा. कंदील पाठीमागे ठेवला, पेटी उघडली.

"पांढरो लावणार तू," जनू म्हणाला.

"लावणारच."

"गाढव तो गाढवच."

मी पांढरा लावला. कळकाच्या काठीला नवीन तंगुसाची, म्हणजे नायलॉनची, दोरी होती, ती सुळकन गेली. काही नाही. मग जनूच्या मनासारखा काळा लावला. काही नाही. जुन्या पळीची ठोकून केलेली पितळी पाती लावली. ती पाण्यात फिरते तेव्हा लुकलुकते, आमच्याकडे तिच्यावर मासे तुटून पडतात. इथल्या माशांनी ती बघितलीसुद्धा नसावी. शेवटी कोंबड्याच्या पांढऱ्या पिसांचा झुबका लावून जोरात मागे हात नेला, आणि गरी जाऊन रुतली ती नामदेवच्या डोक्याच्या रुमालात.

"दाजी, याले सांगा, मी मासोई नोय!" नामदेव ओरडला. जनू पुन्हा हसला आणि हसता हसता त्याला जो ठसका लागला तो थांबेना. नामदेवने त्याला बसतं केलं, पाठ चोळली. गोधडीवर रक्त पडलं होतं. नामदेवने ती बाजू आत दुमडली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, की आता पुरे.

परतताना जनू पडूनच म्हणाला, "सोडे लावून बघ उद्या." मग थोड्या वेळाने, "मी नाय येणार." आभाळभर चांदण्या होत्या. इतक्या मी समुद्रावरही पाहिलेल्या नाहीत. मला त्यांचा राग आला.

दुसरी रात्र

दुसरा दिवस वाईट गेला. डोणगावचे डॉक्टर येऊन गेले आणि आमच्याशी अंगणात हळू आवाजात बोलले. संध्याकाळी वहिनींनी लापशी आणली, तर जनूने दोन चमच्यांनंतर तोंड मिटून घेतलं. त्यांनी चुचकारलं, गोड कमी झालं का विचारलं. त्याने नुसता त्यांच्या मनगटावर हात ठेवला. वाटीतली लापशी गार होऊन थिजून बसली.

मी पेटी घेऊन निघालो तेव्हा जनूने वहिनींना म्हटलं, "तू जा. माझ्या वाटचं बघून ये." शेजारच्या मावशी त्याच्यापाशी बसल्या. वहिनी यायला तयार नव्हत्या, पण आजारी माणसाने मागितलेलं मोडायचं कसं? त्या बंडीत बसल्या, मांडीवर एक डबा घेऊन.

"त्यात काय आहे?"

"यायची उरलेली लापशी. आजारी माणसाचं उष्टं आमच्या घरी ढोराले देत नाहीत, उकिरड्यावरबी टाकत नाहीत. पाण्यात सोडतात. रोज ओढ्यात टाकते, आज तलावात टाकीन."

आमच्याकडे आजाऱ्यावरून नारळ उतरवून समुद्रात सोडतात. मी ते त्यांना सांगितलं. "मंग एकच झालं," त्या म्हणाल्या.

धक्क्यावर मी सोडे लावले. दर खेपेला ते कुरतडून जायचे, गरी मोकळी वर यायची. खेकडे असावेत. सोडे संपले. काळा लावला, पांढरा लावला, पुन्हा पाती. रात्र चढत चालली, गार वारा सुटला. मला रडायला येत होतं. इतक्या लांबून पेटीभर मासे घेऊन आलो, आणि मित्राला द्यायला त्यातला एक खरा होत नव्हता.

माझ्या मागे वहिनींनी डबा उघडला आणि थिजलेल्या लापशीचे तुकडे बोटांनी मोडून पाण्यात टाकायला लागल्या. काहीतरी पुटपुटत होत्या, देवाचं असावं. पाणी हललं. मी कंदील पुढे धरला. तुकडा बुडायच्या आत खालून लांब मिशा आल्या आणि गेल्या. पुन्हा आल्या.

"वहिनी, थांबा. थोडी मला द्या."

"हे? उष्टं हाय ते."

"द्या हो."

शिंगाड्याची लापशी तूप घालून गार झाली की वडीसारखी घट्ट होते. गरीवर ती नीट बसली. मी काठी टाकली नाही, दोरी नुसती ओट्याच्या कडेने खाली सोडली. ओढ लागली ती इतकी सरळ आणि जड, की काठी गुडघ्यावर आपटली. नामदेव धावला. दोघांनी मिळून तो वर घेतला. हातभर लांब, चंदेरी पाठ, लांब मिशा. दगडावर आपटताना त्याने नामदेवच्या अंगठ्यात काटा मारलाच.

"शिंगाळा!" मी ओरडलो. "शिंगाळाच आहे रे! जनू, शिंगाळा!"

जनू तिथे नव्हता, हे ओरडून झाल्यावर लक्षात आलं. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. वहिनी कंदील घेऊन उभ्या होत्या.

"काय म्हणले तुमी याले?"

मी पोतं पाण्यात बुडवायला वळलो.

"भाऊजी, काय नाव याचं?"

"शिंगाया," नामदेव अंगठा चोखत म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

वहिनी माशाकडे बघत राहिल्या. मग हातातल्या डब्याकडे. "यायनं मले शिंगाडा नव्हता मांगला," त्या म्हणाल्या. "हे मांगलं होतं ना?"

वचन दिलेला माणूस काय करणार? मी गरी सोडवायला खाली बसलो. त्यांना तेवढं पुरलं.

आधी त्या हसल्या. "बाई गं! महिनाभर म्या त्यायले शिंगाडा चारून राह्यली, अन् ते खाऊन राह्यले." मग त्या ओट्यावर बसल्या, पदर तोंडाला लावला आणि रडल्या. मोठ्याने, लपवाछपवी न करता. "काऊन नाही सांगितलं यायनं? एक डाव म्हणाचं होतं ना, नाही वो, हे नाही. काऊन नाही म्हणले?"

मला उत्तर माहीत होतं. त्यांनाही ते कळायला वेळ लागला नाही. रडता रडता त्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला आणि तिथेच थांबला.

परतीच्या वाटेवर त्या पुढे नामदेवपाशी न बसता माझ्यासमोर बसल्या. मासा ओल्या पोत्यात माझ्या पायाशी. मग अंधारात त्या हळूच म्हणाल्या, "शिंगाया." थोडं थांबून, "शिंगाडा. नाही. भाऊजी, जीभ कुठं लावता?"

मी सांगितलं. जीभ मागे वळवून टाळूला टेकवायची आणि पुढे आपटून सोडायची. त्या म्हणून बघायला लागल्या. गावाची कुत्री भुंकेपर्यंत म्हणत होत्या.

अंगण

जनू जागा होता. वहिनी त्याच्या खाटेपाशी गेल्या, मासा परातीत ठेवून कंदील जवळ धरला आणि सावकाश, एकेक अक्षर नीट लावून म्हणाल्या, "हा पाहा तुमचा शिंगाळा."

त्याने आधी माझ्याकडे रागाने बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं. मग त्याने तिच्याकडे बघितलं, तिच्या तोंडाकडे, जणू तो 'ळ' अजून तिथे होता. त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहायला लागलं.

वहिनींनी माळ काढली आणि देवाच्या कोनाड्यात ठेवली. जनूने हात उचलला, नको नको केलं, पण आवाज फुटेना. त्यांनी अंगणात तीन दगड मांडले, नवं मडकं आणलं. मासा साफ कसा करायचा ते मी सांगत गेलो, त्या करत गेल्या. मला मात्र हात लावू दिला नाही. नारळ आणि सोलं मी घरून आणली होती. कालवण उकळलं तसा तो वास अंगणात पसरला आणि मला जनूची आई आठवली.

कालवण गाळून पातळ केलं आणि वहिनींनी भरवलं. जनूने पहिला घोट तोंडात बराच वेळ धरून ठेवला. गिळला. दुसरा घेतला, त्यातला अर्धा ओठांवरून खाली आला. तिसरा नको म्हणाला.

"चांगलं नाही झालं?" वहिनींनी विचारलं.

"आईसारखं झालं," तो म्हणाला. मग दम खाऊन, तिला कळेल अशा तिच्याच बोलीत, "आता माळ घाल. अन् लापशी कर."

"लापशी?"

"भूक लागली ना मले."

वहिनींनी विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, माळ गळ्यात घातली आणि ओलेत्या केसांनी चुलीपाशी बसून पीठ ढवळायला लागल्या. जनू त्या आवाजाकडे कान लावून पडला होता. त्या पहाटे त्याने अर्धी वाटी लापशी खाल्ली. मी आणखी तीन दिवस राहिलो, तेवढी त्याला पुन्हा कधी खाताना पाहिलं नाही.

निघताना मी पेटी त्याच्या खाटेखाली ठेवली. त्याने ती बाहेर ढकलायला लावली. "घेऊन जा. काळो लाव," म्हणाला. बंडी वळेपर्यंत वहिनी दारात उभ्या होत्या.

घरी

जनू गुढीपाडव्याच्या आधी गेला. नामदेवचं कार्ड आलं, त्यात एवढंच होतं. मी त्या संध्याकाळी वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर गेलो, अंधार होता, काळा मासा लावला. काहीच मिळालं नाही. मिळू नये असंच वाटत होतं.

मधे पाऊस होऊन गेला, आणि परवा आणखी एक कार्ड आलं. या खेपेला अक्षर मोठं, ओळी चढत गेलेल्या. वहिनी चौथीपर्यंत शिकल्या आहेत. घरचं बरं आहे, नामदेवचा अंगठा बरा झाला, तुम्ही परत या, असं सगळं लिहून झाल्यावर खाली लिहिलं होतं: "सोमवारी धक्क्यावर जाते. लापशी करून नेते अन् पाण्यात टाकते. शिंगाळा येते खायाले. भाऊजी, ळ बरोबर लिवला का ते पाह्यजा, दाखवाले आता घरी कोणी नाही."

मी तो ळ पुन्हा पुन्हा पाहिला. बरोबर आहे म्हणून आज त्यांना लिहिणार आहे.